विटेची मर्यादा

कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी पांगू लागतात आणि तेथून कीर्तनकाराची खरी परीक्षा सुरू होते. गादीवर उभे राहून आम्ही दोन तास बोलतो तेव्हा समोरून उलट विचारणारा कोणी नसतो. पण खाली उतरलो की एखादी माउली पदर सावरीत खांबाच्या आडोशाला उभी असते, गर्दी ओसरण्याची वाट पाहत असते, आणि मग ती जे विचारते त्याला निरूपणातले तयार उत्तर पुरत नाही.

सीनाकाठच्या एका गावी हरिनाम सप्ताहाला आमचे जाणे असते. तीन वर्षांमागे तेथे अशाच एका माउलीने आम्हांस विचारले, "महाराज, आमचं दोघांचं पटंना. मालक तालुक्याला वेगळे ऱ्हातात. जाणत्या माणसांनी बसून तसं ठरवून दिलंय. पन मनाला येईल तवा घरात येतात. पेटी उघडतात, ज्वारीचं पोतं उचलून नेतात, माजा फोन घेऊन कुणाकुणाचे फोन आले ते बघतात. मी दार लावून घेतलं तर माज्या माळेला बाध येतो का?"

आम्हांस पुढच्या गावी पोचायचे होते, गाडी उभी होती. आम्ही म्हणालो, "माउली, वैष्णवाचे दार कोणाला बंद नसते. क्षमा करावी, नाम घ्यावे." तिने पायांवर डोके ठेवले. आम्ही गाडीत बसलो आणि काही चांगले सांगितले ह्या समाधानात पुढच्या गावी गेलो.

दुसऱ्या वर्षी तीच माउली पुन्हा भेटली. तक्रारीचा सूर नव्हता. ती एवढेच म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून वरीसभर दार उघडं ठेवलं, महाराज. आता बाप आला की पोरगं गोठ्यात जाऊन बसतं. आन् मी रातच्याला नाम घ्यायला बसले तरी कान दाराकडंच ऱ्हातो."

वाचकहो, ह्या एका वाक्यात आमच्या उत्तराची किंमत कळून आली. नाम घे म्हणून सांगणाऱ्यानेच तिचे नाम तिच्यापासून तोडले होते. हा लेख म्हणजे त्या घाईत दिलेल्या उत्तराचे प्रायश्चित्त समजावे.

प्रश्न असा आहे. पती-पत्नी एकमेकांपासून विभक्त झाले, पण घर, मुलगा, सासूबाई, शेत हे सगळे मध्ये उरलेच. अशा वेळी एकाने दुसऱ्यास "येथपर्यंत यावे, येथून पुढे येऊ नये" असे म्हणणे धर्माला धरून आहे काय? सर्व भूतांच्या ठायी भगवंत पाहावा असे आम्ही रोज सांगतो. मग ज्याच्या ठायी भगवंत पाहायचा त्यालाच उंबरठ्यावर कसे थांबवावे?

प्रथम मर्यादा हा शब्दच पाहू. आज लोक मर्यादा म्हटली की स्त्रीने खाली पाहून चालावे एवढाच अर्थ घेतात. पण शब्दाचा अर्थ सीमा, काठ, शेताचा बांध असा आहे. पाठशाळेत व्याकरण शिकताना आम्हांस एक बारकावा घोकावा लागला होता, तो येथे कामास येतो. पाणिनीने 'आ' ह्या शब्दाचे दोन अर्थ सांगितले, मर्यादा आणि अभिविधि. भेद असा की, सीमा म्हणून जी वस्तू सांगितली ती वगळली तर मर्यादा, आणि ती वस्तूही आत धरली तर अभिविधि. "पंढरपूरपर्यंत पाऊस पडला" असे कोणी म्हणाला. आता पंढरपूर भिजले की कोरडे राहिले? बोलणाऱ्याने स्पष्ट केल्यावाचून कळत नाही.

विभक्त झालेल्या घरांतील निम्मी भांडणे ह्याच संदिग्धतेतून उठतात. "दारापर्यंत येत जा" असे तिने म्हटले. दार म्हणजे अंगणाचे फाटक, की ओसरीचे दार, की माजघराचे? त्याने अभिविधि धरला, तिने मर्यादा मानली, आणि दोघांनाही वाटले की समोरच्याने शब्द मोडला. म्हणून पहिली गोष्ट ही की, मर्यादा मनात ठेवून चालत नाही. ती बोलून दाखवावी, शक्य तर चार माणसांत बोलावी, आणि लिहून ठेवली तर फारच उत्तम.

आता भक्तीशी तिचा मेळ कसा बसतो ते पाहू. त्यासाठी दूर कोठे जाण्याचे कारण नाही. आपल्या संप्रदायाचे दैवतच एका मर्यादेवर उभे आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. साक्षात भगवंत दारी आले. पुंडलिकाने हातातले काम टाकले नाही आणि देवाला आतही बोलावले नाही. त्याने एक वीट सारली आणि येथे उभे राहावे असे सुचविले. देव रागावले नाहीत. अठ्ठावीस युगे झाली असे आपण म्हणतो, ते अजून त्या विटेवर आहेत.

ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. तिचे मर्म मातृपितृभक्ती आहे हे खरेच. पण त्या माउलीला चुकीचे उत्तर दिल्यानंतर त्या विटेकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो. पुंडलिकाने दार आपटले नाही. दारी आलेल्यास उभे राहायला जागा दिली. ती जागा कोठे हे त्याने ठरविले, कारण आत त्याच्यावर सोपविलेले काम चालू होते. वीट देण्यात तीन गोष्टी आल्या. तू आलास हे मी पाहिले. तुझ्यासाठी ही जागा आहे. आणि आत जे आहे त्याची जबाबदारी आज माझ्याकडे आहे. ह्या तिन्ही गोष्टी ज्या मर्यादेत आहेत ती धर्म्य मर्यादा होय. आणि जे प्रेम विटेवर उभे राहायला तयार नाही, जे म्हणते की मला आत घेतले तरच मी प्रेम करीन, ते कोणत्या प्रतीचे आहे हे ज्याचे त्याने तपासावे.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेही, की मग चोखोबांना महाद्वाराबाहेर थांबविले तीही मर्यादाच ना? नाही. ती मर्यादा नव्हती, तो अन्याय होता, आणि तो आमच्याच माणसांनी देवाच्या नावावर केला. चोखोबांनी काय केले असते म्हणजे त्यांना आत घेतले असते? काहीही केले असते तरी नाही. अडविणाऱ्यांनी त्यांच्या जन्मावर बोट ठेवले होते, वागण्यावर नव्हे. पुढे 1947 साली साने गुरुजींनी उपोषण मांडले तेव्हा ते दार हरिजन बांधवांना उघडले. हा इतिहास वारकऱ्याने विसरू नये, कारण त्यातच कसोटी सापडते. जी रेषा समोरच्याने वागणे सुधारले तरी हलत नाही ती भिंत आहे. जी रेषा वागण्यापुरती आहे आणि वागणे बदलले की सरकू शकते ती वीट आहे. विभक्त पतीला वा पत्नीला "तू माणूसच वाईट, तुझे तोंड पाहणार नाही" म्हणणे निराळे, आणि "न सांगता पेटी उघडू नये" म्हणणे निराळे.

आता क्षमेचा प्रश्न. आमची चूक येथेच झाली होती. क्षमा ही मनाची गोष्ट आहे, ती एकट्याने करता येते. समोरच्याने मागितली नाही तरी करता येते, तो जगात नसला तरी करता येते. पण विश्वासाने घर मोकळे टाकणे ही व्यवहाराची गोष्ट आहे, तिला दोघे लागतात. आम्ही त्या माउलीला पहिली गोष्ट सांगण्याच्या नावाखाली दुसरी करायला लावली. साप चावला तरी त्याच्यावर राग धरू नये हे ठीक, पण म्हणून त्याला उशाशी घ्यावे असे कोणत्या संताने सांगितले आहे?

ह्यासंबंधी तुकोबारायांचे एक चरित्र मनात घोळवण्यासारखे आहे. घरी सावकारीची खते होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडविण्याचे ठरविले तेव्हा धाकटे बंधू कान्होबांनी आपल्या संसाराची अडचण सांगितली. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी बंधूच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाटणीची तेवढी डोहात सोडली. वैराग्य पराकोटीचे, पण दुसऱ्याच्या हिश्श्याला त्याचा धक्का नाही. ती माउली आपल्यावरच्या अपमानाचे खत बुडवू शकते, बुडवावेही. पण मुलाची झोप, सासूबाईंच्या औषधाचे पैसे, वर्षाची ज्वारी ही खते तिच्या एकटीच्या नावावर नाहीत. ती बुडविण्याचा अधिकार तिला नाही, आणि बुडव म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हांस तर मुळीच नव्हता.

हे सगळे तिला सांगून आम्ही पुन्हा गाडीत बसलो असतो तर तीही घाईच झाली असती. दुसऱ्या वर्षीच्या त्या भेटीनंतर आम्ही दोन दिवस त्या गावी मुक्काम वाढविला. तिच्या यजमानांना निरोप धाडला. ते आले. तेही माळकरी. दिंडीतले जुने विणेकरी, तिच्या सासूबाई आणि आम्ही असे ओसरीवर बसलो. प्रथम त्यांचे ऐकले, कारण त्यांचेही काही होते. ते म्हणाले, "महाराज, घर माज्या बापानं बांधलं. आई माजी, पोरगं माजं. आन् माज्याच दारात मी पाव्हना व्हायचं?"

बोलताना त्यांचा कंठ दाटला होता. हा माणूस केवळ अरेरावीने पेट्या उघडीत नव्हता. आपण ह्या घरातून पुसले जात आहोत ह्या भीतीने तो प्रत्येक वेळी आत शिरून आपली खूण ठेवीत होता. पण भीती खरी असली तरी तिच्यापायी पोरगे गोठ्यात जाऊन बसते हेही खरे. आम्ही म्हणालो, "पाहुणा होण्यात कमीपणा कसला, बाबा? पाहुण्याला पाणी मिळते, बसायला घोंगडी मिळते, चार शब्द मिळतात. तू न सांगता येतोस तेव्हा ह्यांतले काय मिळते?" ते खाली पाहत राहिले. मग त्यांच्या आईच म्हणाल्या, "मी भाईर येऊन बशीन तुज्यापाशी. तू रविवारी येत जा."

मग एकेक गोष्ट ठरली. दर रविवारी सकाळी त्यांनी यावे, ओसरीवर बसावे. ओसरी धरून अलीकडे त्यांची, माजघर वगळून. पाणिनीचे नाव आम्ही तेथे काढले नाही, पण काम त्याचेच केले. सुगीनंतर ज्वारीची वाटणी विणेकऱ्यांसमोर मोजून व्हावी, एरवी पोत्याला हात लावू नये. आईचे दुखणे निघाले तर कोणत्याही वेळी यावे, मात्र फोन करून. मुलाच्या हाती निरोप धाडू नयेत, कारण मूल म्हणजे टपालाची पिशवी नव्हे. माउलीवरही बंधने आली. रविवारी तिने रागाने दार लावून घेऊ नये. बापाविषयी वाईट शब्द मुलासमोर काढू नये. मुलाला बापाबरोबर जावेसे वाटले तर अडवू नये.

ह्यातून एक नियम निघतो. मर्यादा म्हणजे मुख्यतः मी काय करीन ह्याचा नेम. "तुम्ही चिडू नका" ही मर्यादा नव्हे, ती समोरच्याच्या मनावर हुकूमत गाजविणे झाले. "तुम्ही चिडून बोलू लागलात तर मी उठून आत जाईन" ही मर्यादा. पहिली पाळणे त्यांच्या हाती, दुसरी पाळणे माझ्या हाती. एकादशीचा नेम आपण असाच धरतो. शेजाऱ्याने खाल्ले म्हणून आपला उपवास मोडत नाही.

आणि तक्रारीलाही जागा हवी. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि सारे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. तिचे म्हणणे ऐकले जाते, मग आरती होते. दिवसभर चालताना कोणी भांडत बसत नाही, आणि तक्रार दाबूनही टाकली जात नाही. विभक्त दांपत्याने महिन्यातून एक वेळ आणि एक वडीलधारे माणूस ह्यासाठी नेमून घ्यावे. मग रोजच्या फोनवरचे टाळ आपोआप थांबतात.

गावालाही येथे एक शब्द. पंढरीला रखुमाईचे गर्भगृह विठोबाच्या गर्भगृहाहून वेगळे आहे. रुसून दिंडीरवनात आलेल्या देवीची कथा सर्वांस ठाऊक आहे. आपण देवाचे दर्शन घेतो आणि मग मुकाट्याने देवीच्या दर्शनाला जातो. कोणाचे चुकले म्हणून पायरीवर बसून निवाडा करीत नाही. मग गावातल्या विभक्त जोडप्याविषयीच आपली जीभ इतकी का वळवळते? दोघांनाही रामकृष्णहरि म्हणावे, एकाचे दुसऱ्याला सांगू नये.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. वर सांगितलेली ओसरीवरची बैठक सर्वांसाठी नाही. जेथे हात उगारला जातो, जिवाची धास्ती आहे, तेथे जाणत्यांनी "समजुतीने घ्या" म्हणून त्या बाईला पुन्हा समोर बसविणे हे पाप आहे. तेथे राजधर्माचे काम आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, घर बाईच्या नावावर नसले तरी संसाराच्या घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे. हिंसाचार झाला असता, ती घराच्या ज्या भागात राहते तेथे त्याने येऊ नये असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. शिवीगाळ, अपमान, पैशाची कोंडी हेही त्या कायद्यात हिंसाचारातच मोडते. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि 181 हा फोन महिलांच्या मदतीसाठी आहे. तसेच 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाखेरीज न्यायालयीन विभक्ततेचीही तरतूद आहे. त्यात विवाह टिकतो, एकत्र राहण्याचे बंधन तेवढे उरत नाही. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की, एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणे हे वेगळे राहणेच होय. म्हणजे तोडणे आणि मोकळे सोडणे ह्यांच्या मधली जागा कायद्यानेही मानली आहे. घर दोघांच्या नावे असेल तर रागाच्या भरात कुलूप बदलण्यापूर्वी मात्र जाणत्या वकिलास विचारावे.

आता शेवटचा आणि सर्वांत आतला उंबरठा. बाहेरचे माजघर राखता येते, पण मनाच्या माजघराचे काय? माणूस तालुक्याला निघून जातो आणि त्याचे बोलणे येथे रात्रभर येरझारा घालते. तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवे होते, पुढच्या वेळी काय सुनवीन. ही पेटी रोज रात्री आपणच उघडतो, दुसरा कोणी नव्हे. तेथे कोणा दंडाधिकाऱ्याचा आदेश चालत नाही, तेथे नामाचाच चोपदार लागतो. पण हेही ध्यानी घ्यावे की बाहेर धास्ती असता आत नाम ठरत नाही. आम्ही त्या माउलीला आधी नाम घे म्हणालो आणि दार उघडे ठेव म्हणालो, ते उलटे झाले. पुंडलिकानेही आधी वीट दिली, मगच त्याला निवांतपणे सेवा पुरी करता आली.

पुढे काय झाले असे वाचक विचारतील. गोड शेवट आमच्याजवळ नाही. ठरल्यानंतर दोन रविवार यजमान आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते रागातच, फाटकाशी उभे राहून परत गेले. एकदा त्यांनी न सांगता पोते उचलले, तेव्हा विणेकऱ्यांनी जाऊन ते मुकाट परत आणविले. दोघे पुन्हा एकत्र नांदतील की रीतसर वेगळे होतील हे आम्ही सांगू शकत नाही, आणि मर्यादेचा हेतू ह्या दोहोंपैकी एक घडवून आणणे असाही नाही.

ह्या वर्षी सप्ताहाला गेलो तो दिवस नेमका रविवार होता. त्यांच्या ओसरीवर घोंगडी अंथरलेली होती, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता, आणि सासूबाई भिंतीला टेकून जपमाळ ओढीत बसल्या होत्या. यजमान अजून यायचे होते. मुलगा गोठ्यात नव्हता. तो ओसरीच्या पायरीवर बसून रस्त्याकडे पाहत होता. माउली आत भाकरी थापीत होती. आम्ही आल्याचे कळताच ती बाहेर आली आणि पाया पडली. ह्या खेपेस तिने काही विचारले नाही. आम्हीही काही सांगितले नाही. घोंगडीची एक घडी मोडली होती, ती सारखी केली आणि बाजूला बसलो.

रामकृष्णहरि.